गव्हाचें पंचांग



पंचांगाच्या पानावर तिथि, वार, नक्षत्र यांच्या शेजारीं 'दिनमान' या नांवाचा एक लहानसा रकाना असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत किती घटिका व किती पळें होतात, एवढेंच तो सांगतो. मुहूर्त काढणारा जोशी सोडला तर त्या आंकड्याकडे सहसा कोणी ढुंकून पाहत नाहीं. परंतु मनुष्यानें उपेक्षिलेला हा आंकडा शेतांतील पिकें मात्र मोठ्या काळजीनें वाचीत असतात, आणि आपण केव्हां फुलावें हें पुष्कळ अंशीं त्यावरूनच ठरवितात. हें रहस्य मनुष्याला उमगून अवघीं शंभर वर्षें झालीं. तेवढ्या अवधींत, ज्या धान्याच्या पोळीवाचून आज शहरांतील घराचें चालत नाहीं, त्या गव्हाचा इतिहासच पालटून गेला. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम घरचेंच उदाहरण घेऊं. वसई हें कांहीं गव्हाचें गांव नव्हे. येथें भात, केळीं, पानवेली, भाजीपाला आणि फुलें. उत्तर कोंकणांतील शेतकरी भाताच्या हळवें, निमगरवें व गरवें अशा तीन प्रती करितात. त्यांपैकीं जुन्या गरव्या भाताची एक खोड पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना ठाऊक आहे. पेरणी आठपंधरा दिवस मागें पडली, तरी तें भात निसवतांना तितकें मागें राहत नाहीं. शरदांतला आपला ठराविक काळ आला कीं तें पोटरींतून बाहेर पडतेंच. याचें कारण असें कीं, भात हें दिवस आंखूड होऊं लागले म्हणजे फुलणारें पीक आहे. आश्विनांत दिनमान तीस घटिकांच्या खालीं उतरूं लागतें, हीच त्याची खूण. दसऱ्याच्या तोरणांत भाताच्या लोंब्या खोंवण्याची जी चाल कोंकणांत आहे, तिच्या मुळाशीं ही नियमितता आहे. नाताळच्या सुमारास ज्याचीं शेंड्याचीं पानें लालभडक होतात, तें पॉइन्सेटियाचें झुडूपही याच स्वभावाचें. त्याचें माहेर मेक्सिको. आणि त्या देशाशीं आपली गांठ पुढें पुन्हां पडावयाची आहे.

दिनमान व फुलोरा यांचा हा संबंध शास्त्रीय रीतीनें सिद्ध केला तो अमेरिकेंतील गार्नर व ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनीं. त्यांच्याजवळ तंबाखूची एक विलक्षण जात होती. उन्हाळ्यांत ती पुरुषभर उंचीच्याही वर वाढे, पण फुलत नसे. तिचींच रोपें हिंवाळ्यांत कांचघरांत लाविलीं तर लहानपणींच फुलत. ऊब, ओल, खत या सर्वांचा तपास झाला, उलगडा होईना. अखेरीस १९१८ सालच्या उन्हाळ्यांत त्यांनीं कांहीं झाडें दिवस मावळण्याच्या पुष्कळ आधींच अंधाऱ्या खोलींत नेऊन ठेवण्यास आरंभ केला. दिवस असा कृत्रिम रीतीनें आंखूड होतांच तीं झाडें फुलावर आलीं. शेजारचीं बाहेर ठेविलेलीं झाडें तशींच वाढत राहिलीं. १९२० सालीं हे प्रयोग प्रसिद्ध झाले. पुढें १९३८ च्या सुमारास असेंही दिसून आलें कीं, पुष्कळ वनस्पति खरोखर दिवस मोजीत नसून अखंड रात्रच मोजीत असतात. तरीही बोलण्याच्या सोईसाठीं आपण दिनमान असेंच म्हणूं.

आतां गव्हाकडे वळूं. गव्हाचा स्वभाव भाताच्या नेमका उलट. दिवस वाढूं लागले म्हणजे ओंबीवर यावें, अशी त्याची मूळची रीत. ती कशी पडली हें त्याच्या जन्मभूमीवरून कळतें. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आशियांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तान, सीरिया, इराक या प्रदेशांतील डोंगरउतारांवर, मनुष्यानें गहूं प्रथम लाविला. तेथें पाऊस पडतो तो हिंवाळ्यांत. बी शरदांत रुजतें, थंडीभर जमिनीलगत दबून राहतें, आणि वसंतांत वर उठतें. मध्येंच एखादा उबदार आठवडा आला म्हणून गव्हानें ओंबी बाहेर काढली, तर मागाहून पडणाऱ्या हिमांत ती करपून जावयाची. म्हणून निसर्गानें त्याच्या फुलोऱ्यास दोन कुलुपें घातलीं. एक थंडीचें : कांहीं जातींना कित्येक आठवड्यांची कडक थंडी मिळाल्यावांचून ओंबी येतच नाहीं. दुसरें प्रकाशाचें : दिवस पुरेसा मोठा झाला नाहीं, तर ओंबी कित्येक आठवडे लांबते. आजचा आपला विषय हें दुसरें कुलूप.

युरोपांत हें कुलूप गव्हाच्या हिताचेंच ठरलें. लंडनला लहानांतला लहान दिवस पावणेआठ तासांच्या थोडासा वर, तर मोठ्यांतला मोठा साडेसोळा तासांहूनही अधिक असतो. त्यामुळें ऋतूची ओळख पटण्यास अडचण नाहीं. दिल्लीस हाच फरक साडेतीन तासांच्या किंचित् वर भरतो. आमच्या वसईस लहानांतला लहान दिवस सुमारें साडेसत्तावीस घटिकांचा, म्हणजे अकरा तासांना एकदोन मिनिटें कमी. आणि मोठ्यांतला मोठा तेहतीस घटिकांच्या किंचित् वर, म्हणजे सव्वातेरा तासांचा. सबंध वर्षांत अवघा सव्वादोन तासांचा चढउतार! आणि महाराष्ट्रांत गव्हाचा हंगाम तर वर्षांतील सर्वांत आंखूड दिवसांचा. दिवस मोठा होण्याची वाट पाहत जो गहूं येथें बसेल, त्याच्या ओंब्या फाल्गुन-चैत्राच्या उन्हांत सांपडून दाणा चिमून जाईल, हें उघड आहे.

असें असूनही दक्षिणेंत गहूं आला आणि टिकला. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव म्हणून गांव आहे. तेथें १९६८ पासून पुढें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं कित्येक वर्षें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील ती वसाहत. तींत जव व गहूं यांचे दाणे आणि पाण्याच्या पाटाच्या खुणा सांपडल्या. म्हणजे सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं दख्खनचा शेतकरी गव्हाशीं परिचित होता. जी झाडें दिवस वाढण्याची वाट पाहत राहिलीं, त्यांचें बी वर्षानुवर्षें कमी पडत गेलें असलें पाहिजे. ज्यांनीं वाट पाहिली नाहीं, त्यांचें बी कणगींत राहिलें. शेतकऱ्यास दिनमानाचें शास्त्र ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें. बियाण्यासाठीं चांगल्या ओंब्या राखण्याच्या साध्या क्रियेंतच ही निवड होत गेली, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

या अनुमानास एक सुंदर पुरावा आपल्या घरांतच आहे. संक्रांतीच्या सुगडांत ऊंस, बोरें, हरभरा, गाजर यांच्याबरोबर गव्हाच्या ओंब्या घालण्याची चाल आहे. संक्रांत येते जानेवारीच्या मध्यावर. त्या वेळीं आपल्याकडे दिनमान अकरा तासांहून पांचसात मिनिटेंच अधिक असतें. म्हणजे वर्षांतील जवळजवळ सर्वांत आंखूड दिवसांत महाराष्ट्राच्या गव्हाला ओंबी आलेली असते. पंजाबांत गव्हाच्या कापणीचा सण वैशाखीचा, म्हणजे एप्रिलचा. एकच धान्य, पण दोन प्रांतांचीं दोन पंचांगें. आणि तीं गृहिणींनीं सणांच्या रूपानें जपून ठेविलीं आहेत.

दख्खनच्या या जुन्या गव्हांत बन्सी आणि खपली यांचीं नांवें अजूनही घरोघर परिचित आहेत. कोरडवाहू काळ्या जमिनींतला गहूं ऑक्टोबरांत पेरावा, पावसाळ्याच्या मुरलेल्या ओलीवर वाढवावा, आणि उन्हें तापण्यापूर्वीं काढून घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. पण त्या गव्हाच्या मर्यादाही होत्या. ताटें उंच, खत-पाणी जरा अधिक झालें कीं लोळत. आणि सर्वांत मोठा शत्रु तांबेरा. १९४६-४७ सालीं मध्य भारतांत तांबेऱ्यानें गव्हाचा मोठा संहार केला. आग्र्याचे प्राध्यापक मेहता यांनीं दाखवून दिलें होतें कीं, सपाटीवरील उन्हाळ्यांत तांबेऱ्याचें बीज मरून जातें. तें डोंगरांतील थंड हवेंत तग धरून दर हंगामांत पुन्हां खालीं उतरतें. महाबळेश्वरास गव्हाच्या तांबेऱ्याचें संशोधन चालू झालें तें याच विचारानें. नाशिक जिल्ह्यांत निफाडच्या केंद्रांत केनियाच्या गव्हाशीं संकर करून तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या जाती निर्माण केल्या गेल्या. केनिया आणि निफाड मिळून त्यांचें नांव 'केनफड' असें पडलें.

नेमक्या याच शत्रूशीं झगडण्यासाठीं १९४४ सालीं नॉर्मन बोरलॉग नांवाचा एक तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ मेक्सिकोंत गेला. एका जातीचा संकर पक्का होण्यास दहाबारा वर्षें लागत. तेवढा वेळ थांबण्याची त्याची तयारी नव्हती, म्हणून त्यानें एक युक्ति काढली. नोव्हेंबरांत सोनोरा प्रांतांतील याकी खोऱ्यांत पेरावें. तें समुद्रसपाटीलगतचें उष्ण मैदान, अक्षांश सुमारें साडेसत्तावीस. एप्रिल-मेमध्यें तेथील पीक निघालें कीं तेंच बी दक्षिणेस मेक्सिको शहराजवळच्या उंच पठारावर चापिंगो व तोलुका येथें नेऊन लावावें. तोलुकाची उंची अडीच हजार मीटरांच्या वर, अक्षांश सुमारें सव्वाएकोणीस. शरदांत तें पीक काढून बी पुन्हां सोनोराला. अशा रीतीनें वर्षांत दोन पिढ्या. काढलेल्या बियाण्यास विश्रांति दिल्याशिवाय तें नीट रुजत नाहीं, अशी त्या काळीं पंडितांची समजूत होती. शिवाय जात ज्या मुलखासाठीं, त्याच मुलखांत ती तयार केली पाहिजे, हाही सिद्धांत मानला जाई. वरिष्ठांचा विरोध इतका झाला कीं बोरलॉगनें राजीनामाही देऊं केला. अखेरीस स्टॅकमन या त्याच्या गुरूनें मध्यस्थी केली आणि काम चालू राहिलें.

या येरझाऱ्यांतून जें निष्पन्न झालें, तें स्वतः बोरलॉगनेंही योजिलें नव्हतें. सोनोरांत पीक आंखूड दिवसांत लागे व दिवस वाढत जात. तोलुकास मोठ्या दिवसांत लागे व पुढें दिवस घटत जात. जें रोप दिनमानावर अवलंबून असे, तें दोहोंपैकीं एका ठिकाणीं हटकून फसे आणि बाद होई. दोन्हीं ठिकाणीं वेळेवर ओंबी काढणारें तेवढें शिल्लक राही. अशा कित्येक पिढ्या गेल्यावर दिनमानाकडे लक्षच न देणारा गहूं तयार झाला.

श्रोत्यांनीं येथें क्षणभर नकाशा डोळ्यांपुढें आणावा. वसईचा अक्षांश एकोणीस अंशांच्या पुढें चोवीस कलांच्या आसपास; तोलुका त्याच्या किंचित् दक्षिणेस, चापिंगो किंचित् उत्तरेस. म्हणजे तोलुकाच्या पठारावर ज्या दिवशीं जितका वेळ ऊन असतें, तितकाच वेळ तें वसईच्या भातखाचरांवरही असतें. तिकडे सोनोराचें याकी खोरें दिल्लीहून जेमतेम एक अंश दक्षिणेस. मेक्सिकोंत त्या शास्त्रज्ञाचा गहूं जो प्रवास करीत होता, तो दिनमानाच्या दृष्टीनें दिल्ली ते वसई असाच प्रवास होता! हिंदुस्थानांत येण्यापूर्वींच त्या गव्हानें हिंदुस्थानचें पंचांग पाठ केलें होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पण हा गुण आला कोठून? त्याचा माग जपानपर्यंत जातो. इटलींतील स्ट्राम्पेली या संशोधकानें १९१३ च्या सुमारास 'अकाकोमुगी', म्हणजे 'लाल गहूं', या जपानी जातीचा इटालियन गव्हाशीं संकर केला. उन्हाळ्याच्या झळा लागण्यापूर्वीं पीक हातीं यावें, हा त्याचा हेतु. त्यांतून 'मेंताना' नांवाची लवकर येणारी जात निघाली. ती पुढें मेक्सिकोंत पोंचली, आणि केनियाच्या गव्हाशीं तिचा संकर करून बोरलॉगनें 'केंताना' ही जात काढली. आपल्या केनफडचीच ही दूरची बहीण! २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं या गुणाचें मूळही शोधून काढलें. गव्हाच्या एका विशिष्ट जनुकालगतचा सुमारें दोन हजार अक्षरांचा तुकडा या जातींत गळालेला आहे. त्या तुकड्याच्या अभावीं जनुकाला दिवस आंखूड असल्याची आठवण करून देणारें कोणी उरत नाहीं, आणि तें आपलें काम सदैव चालूच ठेवितें. कुलूप मोडलें तें असें. गव्हाचें ताट ज्यानें बुटकें केलें, तो 'नोरिन १०' हा गहूंही जपानचाच. तो या कथेंत १९५० नंतर आला.

पुढची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. डॉ. स्वामिनाथन यांच्या आग्रहावरून १९६३ च्या मार्चांत बोरलॉग भारतांत आला. १९६५ सालीं अडीचशें टन आणि १९६६ सालीं अठरा हजार टन मेक्सिकन बियाणें भारतानें आणविलें. त्या वेळीं दुष्काळानें देश इतका गांजला होता कीं, १९६६ या एका वर्षांत सुमारें एक कोटि टन धान्य परदेशांतून आणावें लागलें. १९६४-६५ मध्यें देशांत गहूं पिकला सुमारें एक कोटि तेवीस लाख टन. १९६७-६८ मध्यें तो आंकडा सुमारें एक कोटि पासष्ट लाख टनांवर गेला. मेक्सिकन गव्हाचा लाल दाणा आमच्या गृहिणींस रुचेना, म्हणून दिल्लीच्या संशोधकांनीं 'सोनोरा ६४' या जातीवर किरणांचा प्रयोग करून पिवळसर दाण्याची 'शरबती सोनोरा' ही जातही काढली.

या यशाचें श्रेय सामान्यतः बुटक्या ताटाला, रासायनिक खताला आणि पाटाच्या पाण्याला दिलें जातें. तें योग्यच आहे. पण अपुरें आहे. गहूं दिनमानाशीं बांधलेला असता, तर मेक्सिकोंत तयार झालेलें बी पंजाब, बिहार आणि महाराष्ट्र अशा निरनिराळ्या अक्षांशांवर एकदम पेरतां आलें नसतें. प्रत्येक प्रांतासाठीं आरंभापासून नवी जात काढीत बसावें लागलें असतें. शिवाय पेरणीचा काळही मोकळा झाला. उत्तरेंत जुने उंच गहूं ऑक्टोबरच्या अखेरीस पेरीत. नवे गहूं नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि कांहीं तर त्याहूनही उशिरां पेरतां येऊं लागले. मध्यंतरीं भातांतही दिनमानाची पर्वा न करणाऱ्या जाती आल्या होत्या. त्यामुळें एकाच शेतांत पावसाळ्यांत भात आणि हिंवाळ्यांत गहूं असा फेर पंजाब-हरयाणांत बसला. त्यानें देशाचीं कोठारें भरलीं. आणि त्याच फेरानें तेथील जमिनीखालचें पाणीही खोल खोल नेलें. लाभ आणि हानि यांचे हे दोन रकाने एकाच पानावरचे आहेत.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर, आपण वसईकर किराणा दुकानांतून 'लोकवन' म्हणून जो गहूं आणतों, तो सौराष्ट्रांत सणोसरा येथील लोकभारती या शिक्षणसंस्थेंत तयार झालेली 'लोक-१' ही जात. तिचे आईबाप 'सोनालिका' व 'छोटी लेर्मा'. दोघांच्याही अंगीं मेक्सिकोचें रक्त. निफाडच्या 'त्र्यंबक', 'तपोवन' व 'गोदावरी' या जाती शेतकऱ्यांस परिचित आहेत. मालवणचे सुपुत्र शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनीं १९४६ सालीं पुण्यांत उभारलेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या संस्थेंत तर खपलीचेंही न लोळणारें वाण तयार झालें आहे. काम थांबलेलें नाहीं. पण आतां प्रश्न बदलला आहे.

तो प्रश्न असा. दिनमान हें निसर्गांतील एकमेव असें चिन्ह आहे कीं ज्यांत लबाडी नाहीं. पाऊस चुकेल, थंडी चुकेल. पण अमुक दिवशीं वसईस सूर्य किती घटिका राहील, हें शिवाजीमहाराजांच्या काळीं जें होतें तेंच आजही आहे. आपण गव्हाला या चिन्हाकडे पाहूं नये असें शिकविलें. मग त्यानें पाहावें कशाकडे? तो मुख्यतः उष्णमानाकडे पाहतो. हवा ऊबदार असली कीं त्याची घाई होते. फुटवे कमी, ओंबी आंखूड, दाणा बारीक. महाराष्ट्राचा हिंवाळा आधींच थोडक्या दिवसांचा. त्यांत आतां हवामान तापत चाललें आहे. २०२२ च्या मार्चांत उत्तरेंत जी अवेळीं उष्णता पडली, तिनें गव्हाच्या पिकास इतका धक्का दिला कीं त्याच वर्षीं मेमध्यें गव्हाची निर्यात बंद करावी लागली. अर्थात् ही घाई सर्वस्वीं वाईट नाहीं. उन्हें तापण्यापूर्वीं दाणा भरणें हेंच आमच्याकडे साधावयाचें असतें. पण फार लवकरही नको व फार उशिरांही नको, असा मध्य साधणें आतां अवघड झालें आहे. दिनमानाचें कुलूप पुरतें न मोडतां थोडें सैल केलेलें असावें, अशा जाती म्हणूनच पुन्हां शोधल्या जात आहेत.

अशा वेळीं नवें कांहीं घडवावयाचें तर सामग्री जुन्याच बियाण्यांतून घ्यावी लागते. अकाकोमुगी जपानच्या एखाद्या शेतांतून नाहींसा झाला असता, तर ही सारी कथाच घडली नसती. आमच्या दख्खनच्या बन्सींत आणि खपलींत, तीन हजार वर्षें आंखूड दिवसांत ओंबी काढणाऱ्या त्या गव्हांत, उद्यां कोणता गुण कामीं येईल तें आज सांगतां येणार नाहीं. सरकारी बीजकोशांत त्यांचे नमुने ठेवणें अवश्य आहे. परंतु बीजकोशांतील बी गोठलेलें असतें, शेतांतील बी दरवर्षीं नव्या ऋतूशीं ओळख करून घेत असतें. महाराष्ट्रांतील जे शेतकरी आजही थोड्या बिघ्यांत खपली राखून आहेत, ते स्वतःच्या पोटाबरोबर आपलीही बेगमी करीत आहेत. त्यांच्या खपलीला बाजारांत योग्य मोल मिळेल, एवढें पाहणें आपल्यासारख्या शहरांतील घरांच्या हातचें आहे.